डिस्टोपियन कथा लिहिताय? या चुका टाळा

दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचायचं काम दर उन्हाळ्यात माझ्या गळ्यात पडतं. हल्ली त्यात डिस्टोपियन, म्हणजे माणसाला दडपणाऱ्या काल्पनिक व्यवस्थेतल्या जगाच्या, कथांचं पीक आलंय, आणि बहुतेक कथांत आभाळ लालच असतं.

पडझड दाखवली की झालं, असं समजणं. बॉम्ब पडून उद्ध्वस्त झालेलं जग ही वेगळी गोष्ट. डिस्टोपियात यंत्रणा बहुधा मोडलेली नसते. ती व्यवस्थित चालू असते, आणि त्रास तिच्या चालण्याचाच असतो.

इंजिनिअरिंगचा एक मुलगा कथा घेऊन आला होता. 2090 सालचं सोलापूर, बंद गिरणीच्या चिमणीवर कॅमेरे, रस्त्यावर मुखवटेवाले शिपाई. मी विचारलं, "नायकाची आई भाकरीला पीठ कुठून आणते? ज्वारी मिळते का? आणि या शिपायांचा पगार कोण देतो?"

"सर, ते वातावरणातनंच कळतंय की ओ."

नंतर तो सुधारून आणतो म्हणाला. आणलं काय, तर चिमणीवर आणखी कॅमेरे. पिठाचा प्रश्नही मिटवला होता, आईला पहिल्याच पानावर मारून.

मग मी त्याला सेटलमेंटची हकीकत सांगितली. याच शहरात वाढलेल्या पोराला ती ठाऊक नव्हती! 1871 साली इंग्रजांनी आणलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात पारधी, कैकाडी अशी कुटुंबं तारेच्या कुंपणात ठेवली, तीच सेटलमेंट. ठरल्या वेळी हजेरी, बाहेर जायला पास. माणसं गिरणीत कामाला जायची आणि पाळी संपली की परत तारेच्या आत. सरकारच्या लेखी हे सुधारणेचं काम होतं. गिरण्यांना मजूर मिळत होते. ज्यांची वागणूक साहेबांना पटली त्यांना तारेबाहेर राहू देत. त्या बाहेरच्या वस्तीचा 'सेटलमेंट फ्री कॉलनी' असा पत्ता लोक आजही लिहितात. कायदा देशभरातून गेला तो 1952 साली.

यात ड्रोन कुठेच नाही. हजेरीचा कागद आहे, बक्षिसाचं आमिष आहे, फायदा कुणाचा होतोय ते दिसतंय, आणि हे सगळं 'तुमच्या भल्यासाठी' आहे. मार्गारेट अॅटवूड यांनी 1985 च्या 'द हँडमेड्स टेल' या कादंबरीसाठी स्वतःला अट घातली होती: इतिहासात कुठेतरी घडून गेलेलं नसेल ते कथेत घालायचं नाही. नवख्यांनी ही अट निदान पहिल्या कथेपुरती पाळावी. यानं कल्पनाशक्तीला खीळ बसते म्हणणाऱ्यांतल्या बहुतेकांनी जुनी वर्तमानपत्रं एकदाही चाळलेली नसतात.

माझी सवय अशी: कथा सुरू करण्याआधी एका दुय्यम पात्राचा साधा मंगळवार लिहून काढायचा. पाणी कितव्या दिवशी येतं, रांग कुठे लागते, सही कुणाची लागते, कुणाच्या हातावर काय ठेवावं लागतं. सोलापूरकराला यात अवघड काय? नळाचा दिवस बघून घरच्या कार्यक्रमाची तारीख धरणारी माणसं आपल्याच गल्लीत असतात. हे पान कथेत जात नाही, पण ते नसलं की कथा तिसऱ्या पानावर अडते. मग लेखक तिथे स्फोट घडवतो.

सगळे दुःखीच दाखवणं. ऑर्वेल यांच्या '1984' या कादंबरीत (प्रकाशन 1949) चॉकलेटचं रेशन 30 ग्रॅमवरून 20 वर येतं, आणि लगेच रेशन 20 ग्रॅमपर्यंत 'वाढवल्याबद्दल' लोक आभाराचे मोर्चे काढतात. हक्सले यांच्या 1932 च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये तर सोमा नावाची नशेची गोळी घेऊन लोक मजेत आहेत. तुमच्या जगात खूश कोण आहे ते आधी ठरवा. शेजारची काकू खूश असली तर उत्तम, ती हवालदारापेक्षा जास्त भीती घालते.

नायकाला पहिल्या पानापासून सगळं कळलेलं असणं. त्याच व्यवस्थेत वाढलेल्या पोराला हजेरी खटकणारच नाही. रोजची हजेरी चुकली तर तो घाबरेल, व्यवस्थेवर भाषण देणार नाही.

'तिसऱ्या महायुद्धानंतर...' अशी प्रस्तावना. खोडा.

वाचताना भाकिताचे गुण देणं. 'किती खरं झालं' हे मोजत बसणाऱ्यांनी पंचांग वाचावं. या कादंबऱ्या लेखकाच्या स्वतःच्या काळाबद्दल असतात.

पाच मिनिटांचा सारांश बघून लिहायला बसणं. सारांशात कथानक मिळतं, रेशनचे ग्रॅम मिळत नाहीत. मूळ पुस्तक वाचा, सावकाश. वेळ नसेल तर प्रेमकथा लिहा. त्याही बऱ्याच येतात.

पात्रांना एक्स-17 अशी नावं. आकड्यांचं काम असेल तर आकडा कोण देतं आणि बदलून घ्यायला अर्ज कुठे करायचा, तेही लिहा. नाहीतर सरळ मल्लिनाथ ठेवा.