ड्राइव्हवेच्या सामासिक अंतरात सूट: न्यू जर्सीत व्हेरियन्स कसा मिळवावा

नव्या किंवा रुंद केलेल्या ड्राइव्हवेपासून शेजाऱ्याच्या हद्दीपर्यंतचे अंतर नियमापेक्षा कमी भरते म्हणून झोनिंग ऑफिसरने (गावाचे जमीनवापराचे नियम पाहणाऱ्या अधिकाऱ्याने) परवाना नाकारला, तर गावाच्या झोनिंग बोर्ड ऑफ ॲडजस्टमेंटकडे व्हेरियन्ससाठी, म्हणजे त्या नियमातून सूट मिळण्यासाठी, अर्ज करावा. नकारपत्र, सर्व्हे (भूखंडाच्या मोजणीचा नकाशा), मोजमापांसह आराखडा आणि शुल्क एवढे जोडले की अर्ज तयार होतो. मात्र डांबर वाढल्यामुळे पाणी न मुरणाऱ्या पृष्ठभागाची मर्यादाही ओलांडली जात नाही ना, हे आधी तपासावे. ओलांडली जात असेल तर ती सूटही याच अर्जात मागावी.

सुनावणीची तारीख मिळाल्यावर गावाकडून २०० फुटांच्या आतील मालकांची प्रमाणित यादी घ्यावी, सुनावणीच्या किमान १० दिवस आधी प्रत्येकाला सर्टिफाइड मेलने नोटीस पाठवावी आणि त्याच मुदतीत जाहीर सूचनाही प्रसिद्ध करावी. पोचपावत्या परत येण्याची वाट पाहत बसू नये, कारण टपालात टाकताच नोटीस बजावली गेली असे कायदा मानतो. मात्र यादीतला एक मालक जरी सुटला, तरी बोर्डाला सुनावणी घेता येत नाही.

यापुढचा टप्पा म्हणजे शपथेवर द्यायची साक्ष. मीही सुरुवातीला इथेच अडखळत असे आणि बहुतेक चुकीचे सल्लेही याच टप्प्याविषयी दिले जातात. घरात तीन गाड्या आहेत, आईवडील भारतातून येऊन सहा महिने राहतात, बर्फात रस्त्यावर गाडी ठेवता येत नाही, ही सारी कारणे खरी असली तरी ती माणसांची आहेत. म्युनिसिपल लँड यूज लॉ या राज्याच्या जमीनवापर कायद्यात ‘सी-वन’, म्हणजे अडचणीच्या आधारावर मिळणाऱ्या व्हेरियन्ससाठी जी अडचण अभिप्रेत आहे ती जमिनीची असते. भूखंड अपवादात्मक अरुंद, उथळ किंवा वेड्यावाकड्या आकाराचा आहे, त्यावर तीव्र उतार आहे, किंवा पूर्वीच कायदेशीरपणे बांधलेले घर अशा जागी उभे आहे की नियमाप्रमाणे गाडी जायला वाटच उरत नाही, यांपैकी काय लागू पडते ते सर्व्हेवर बोट ठेवून, फुटांत सांगावे. जागा तुमच्याच नव्या खोलीने खाल्ली असेल, तर ती अडचण स्वतः ओढवून घेतलेली ठरते आणि हा मार्ग जवळजवळ बंद होतो.

अशा वेळी ‘सी-टू’चा, म्हणजे सूट दिल्याने होणारा फायदा तोट्यापेक्षा मोठा आहे या आधारावरच्या व्हेरियन्सचा, विचार करावा, पण त्यात फायदा तुमच्यापुरता असून चालत नाही, वॉरन टाउनशिपच्या कॉफमन खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ते स्पष्ट केले आहे. वर्दळीच्या रस्त्यावर गाडी मागे घेत बाहेर पडावे लागते आणि वळायला जागा मिळाल्यास तो धोका टळतो, हा मुद्दा येथे टिकतो. घराची किंमत वाढेल, हा टिकत नाही.

मार्ग कोणताही असो, शेजाराला आणि झोनिंगच्या हेतूला लक्षणीय बाधा येणार नाही, हेही अर्जदारानेच दाखवायचे असते. म्हणून पावसाचे पाणी कुणाकडे वाहील, हिवाळ्यात बर्फ कुठे लोटणार, हेडलाइटचा झोत कुणाच्या खिडकीत पडेल, याची उत्तरे तयार ठेवावीत आणि हद्दीलगत सदाहरित झुडपे किंवा पाण्याचा चर यांची तयारी बोर्डाने विचारण्याआधीच दाखवावी. शेजाऱ्यांच्या संमतीपत्रांचा गठ्ठा जमवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण कागदाची उलटतपासणी होत नसल्याने त्याला फारसे वजन नसते. संमत असलेला शेजारी स्वतः आला तर उपयोग होतो. ‘पलीकडच्या घराला दिलेत, मग आम्हाला का नाही?’ हा प्रश्न तर विचारूच नये, कारण प्रत्येक भूखंडाचा निर्णय स्वतंत्रपणे होतो.

हजर सदस्यांचे बहुमत मिळाले की काम संपले असे समजून ठेकेदाराला बोलावू नये. बोर्डाचा लेखी ठराव ४५ दिवसांच्या आत संमत व्हायचा असतो, आणि निर्णयाची सूचना प्रसिद्ध झाल्यापासून आणखी ४५ दिवस कोणीही बाधित व्यक्ती त्याला न्यायालयात आव्हान देऊ शकते. ती मुदत उलटल्यावर, ठरावातल्या अटी आराखड्यावर चढवून, परवान्यासाठी पुन्हा झोनिंग ऑफिसरकडे जावे.