हिरड्या खाली सरकल्या होत्या, काय केलं ते सांगतो

खालचे पुढचे दात लांब दिसायला लागले आणि उसाचा रस बर्फ घालून प्यायलो की अशी कळ जायची की बस्स. दादरच्या डेंटिस्ट मॅडमनी बारीक सळईने हिरडीचे पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडीमधली खाच किती खोल आहे ते मोजले, 3 मिमीपर्यंत नॉर्मल असतं, माझे दोन ठिकाणी 5 निघाले. कारण म्हणजे दात वाकडेतिकडे, मध्ये प्लाक (जंतूंचा चिकट थर) साचून टार्टर झालेला आणि तो दगडासारखा घट्ट झाला की ब्रशने निघतच नाही, तिथे जंतू वाढतात, हिरडी सुजते, खालचं हाडही झिजतं.

मग सुन्न करून डीप क्लीनिंग केलं, म्हणजे हिरडीच्या आत मुळापर्यंत साफ. दुखलं नाही फारसं, पण नंतर काही दिवस ठणका होता. सूज गेली, रक्त थांबलं. पण एक नीट समजून घ्या, सरकलेली हिरडी आपोआप परत वर येत नाही, कुठलंही तेल चोळा. जास्तच उघडं पडलं तर तोंडातल्या टाळूची त्वचा घेऊन तिथे लावतात (ग्राफ्ट), मला गरज पडली नाही.

आता सॉफ्ट ब्रश, हिरडीकडे 45 अंशात तिरका धरून हलक्या हाताने, रात्री दातांमधला छोटा ब्रश, आणि कळ कमी व्हायला पोटॅशियम नायट्रेटवाली पेस्ट, तिचा फरक पडायला काही आठवडे लागतात.

खर्चाची अडचण असेल तर मुंबई सेंट्रलला महापालिकेच्या नायर हॉस्पिटलचं डेंटल कॉलेज आहे, तिथे हिरड्यांचा वेगळा विभाग आहे. आणि घरात कोणी मशेरी लावत असेल किंवा शुगर असेल तर त्यांना आधी दाखवा प्लीज.