डीएनबी फॅमिली मेडिसिन: लेखी परीक्षेची तयारी
डीएनबी (डिप्लोमेट ऑफ नॅशनल बोर्ड) या डॉक्टरांच्या पदव्युत्तर परीक्षेत प्रत्येकी 100 गुणांच्या चार प्रश्नपत्रिका असतात आणि प्रत्येकीत तीन तासांत दहा उत्तरे लिहायची असल्याने एका उत्तराला जेमतेम 18 मिनिटे मिळतात. म्हणून वाचनाइतकाच घड्याळ लावून लिहिण्याचा सराव करावा. ठाणे-नवी मुंबईतील बाह्यरुग्ण विभाग हेच माझ्या मते सर्वोत्तम पाठ्यपुस्तक आहे. पावसाळ्यात तापाचा रुग्ण आला, तर मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस यांतील फरक कसा ओळखावा, डेंग्यूसाठी पहिल्या पाच दिवसांत एनएस1 (विषाणूचे प्रथिन शोधणारी) आणि त्यानंतर आयजीएम (रक्तातील प्रतिपिंडे शोधणारी) तपासणी का करावी, लेप्टोस्पायरोसिसच्या संशयाने साचलेल्या पाण्यातून चालल्याची चौकशी कशी करावी आणि रुग्णाला मोठ्या रुग्णालयात केव्हा पाठवावे, हे त्याच संध्याकाळी लिहून काढावे. राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम आणि लसीकरण यांची उजळणी मात्र शेवटच्या आठवड्यावर कदापि ढकलू नये.