मुलीचं नाव पक्कं करण्याआधी त्याचं मूळ कसं शोधावं

शनिवार पेठेत मी बारशाच्या आणि लग्नाच्या निमंत्रणपत्रिकांची छपाईसाठी जुळणी करते. मजकूर व्हॉट्सॲपवर येतो आणि बाळाचं नाव हटकून इंग्रजी अक्षरांत असतं. आय, एस, एच, ए. फोन करून विचारलं की पलीकडून उत्तर येतं, "ताई, बरं दिसेल तसं टाका." कसं टाकणार? ईशा म्हणजे स्वामिनी, देवीचं नाव. ईषा म्हणजे नांगराचा दांडा. इशा हा अरबी शब्द, रात्रीच्या नमाजाचं नाव. आणि आयशा तर वेगळीच, तीही अरबी, पण अर्थ 'जगणारी'.

म्हणून पहिलं काम हे करा: आवडलेलं नाव देवनागरीत, कागदावर लिहून काढा. ऱ्हस्व की दीर्घ, श की ष, हे त्याच वेळी ठरवा.

मग मूळ शोधायला लागा. नावांच्या याद्यांमध्ये निम्म्या मुली 'सुंदर' आणि उरलेल्या 'शांत' असतात, त्यांवर विसंबू नका. आरव आणि आरवीचा अर्थ तिथे सर्रास 'शांत' असा दिलेला असतो. रव म्हणजे आवाज. ज्यात रव नाही ते नीरव, ते शांत. आरव म्हणजे नाद, आरोळी. कोंबडा आरवतो तो यातलाच. नाव वाईट नाही, घरात आवाज करणारी पोर कुणाला नको असते? फक्त पत्रिकेवर 'आरवी म्हणजे शांती' असं छापायला सांगू नका. तिच्या शेजारची आर्या निराळी: आर्य म्हणजे श्रेष्ठ, त्याचं स्त्रीरूप. शिवाय हे वृत्ताचंही नाव, ज्यात बारामतीच्या मोरोपंतांनी आयुष्यभर लिहिलं. आर्वी मात्र वर्धा जिल्ह्यातलं गाव.

अ किंवा अन् ने सुरू होणाऱ्या नावांसाठी मी एक साधी युक्ती सांगते. ते पुढचं अक्षर अंगठ्याने झाका आणि उरलेला शब्द वाचा. अनघा फोडून लिहा, अन् + अघा: अन् झाकलं की उरतं 'अघ', म्हणजे पाप. जिच्यात पाप नाही ती अनघा. अनन्या: अन् आणि अन्य; जिला दुसरं कुणी नाही, एकनिष्ठ. गीतेच्या नवव्या अध्यायात 'अनन्याश्चिन्तयन्तो माम्' येतं, तोच हा शब्द. आता अनया. अ झाकला की उरतं 'नय', म्हणजे नीती. मग अनय काय झालं? अनीती. संस्कृत कोशात हाच अर्थ सापडतो. कानाला ही तिन्ही नावं बहिणी वाटतात. अनया आवडलं म्हणून आलेल्यांना मी अनघा सुचवते, आणि मनापासून सुचवते.

कोश कुठला पाहायचा? संस्कृत नावांसाठी वामन शिवराम आपट्यांचा. हे आपल्या फर्ग्युसनचे प्राचार्य, आणि कोश 1890 साली पुण्यातच निघाला. मराठी शब्दांना मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. कोशात आर्या, अनन्या अशी स्त्रीरूपं पटकन दिसत नाहीत. आर्य, अनन्य असं मूळ रूप शोधा, म्हणजे सापडेल.

बाहेरून आलेल्या नावांना ओढूनताणून संस्कृत अर्थ लावू नका. सारा हिब्रू आहे, राजकन्या. गावाकडच्या आजोबांना शेतसारा आठवेल, तेवढं घरात बोलून घ्या. मायरा हे नाव फुल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीने कवितेसाठी घडवलं. राजस्थानात मायरा म्हणजे भाचीच्या किंवा भाच्याच्या लग्नात मामाकडून येणारा आहेर. कियाराचं तर फारच बघण्यासारखं आहे. इटालियन कियारा म्हणजे उजळ, स्वच्छ. आयरिश नाव लिहिताना जवळपास तसंच दिसतं, पण त्याचा अर्थ काळी. यातली तुमची कुठली ते ठरवून ठेवा, मुलगी मोठी झाली की विचारणारच.

माझं स्वतःचं लाडकं नाव सई. सखीचं प्राकृतात सही झालं आणि मराठीत सई. काहींना ते साईचं छोटं रूप वाटतं, तसं ते नाही. संभाजीराजांच्या आई सईबाई, त्यांची समाधी राजगडाच्या पायथ्याशी आहे. दोन अक्षरांत एवढं सगळं मावतं.

गुरुजींनी आद्याक्षर दिलं असेल, समजा कृत्तिका नक्षत्राचं अ, ई, उ, ए, तर त्यातलं नावरस नाव जन्मपत्रिकेपुरतं ठेवून व्यवहाराचं नाव वेगळं ठेवता येतं. आपल्याकडे ही चाल जुनीच आहे.

घाई नको. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते, आणि नोंदणीपासून 12 महिन्यांत नाव फी न भरता घालता येतं. अर्जावर देवनागरी नाव स्वतःच्या हाताने, सुटं सुटं लिहा. दाखला हातात आला की वेलांट्या आणि श-ष तिथेच ताडून पाहा, आणि चूक दिसली तर खिडकीवरून हलण्याआधी सांगा.