अतिनील फोटोत आधी पान बघा, मग फूल: या चुका टाळा

भादव्यात तोरणमाळला किंवा पाटणादेवीच्या जंगलात रानफुलांचे अतिनील (डोळ्याला न दिसणाऱ्या अल्ट्राव्हायोलेट प्रकाशातले) फोटो काढायला निघालात, तर फुलाआधी पानाकडे बघायची सवय लावा. हिरवं पान अतिनील किरण शोषून घेतं, त्यामुळे फोटोत ते जवळजवळ काळं यायला हवं. ते दुधासारखं पांढरं आलं, तर तुम्ही टिपलाय तो अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश. मग पाकळीवर दिसणाऱ्या अतिनील खुणांवर काडीचाही भरवसा ठेवू नका.

हा घोटाळा बहुतेक वेळा फिल्टरमुळे होतो. झेडडब्ल्यूबी२ सारख्या स्वस्त काचा अतिनील सोडतात, पण ७०० नॅनोमीटरच्या आसपासचा गडद लाल ते अवरक्त प्रकाशही सोडतात, आणि सेन्सर त्या प्रकाशाला कितीतरी जास्त प्रतिसाद देतो. सोबत अवरक्त अडवणारी निळसर काच (बीजी४० किंवा एस८६१२) लावावीच लागते. खात्री करायची असेल तर या जोडीवर ७२० नॅनोमीटरचा (फक्त अवरक्त सोडणारा) फिल्टर धरा आणि तेवढंच एक्सपोजर देऊन फोटो घ्या. तो पूर्ण काळा आला पाहिजे. अंधुक आकृती जरी दिसली, तरी गळती आहे.

दुकानात मिळणारा ‘यूव्ही फिल्टर’ घेऊ नका, तो अतिनील अडवण्यासाठीच असतो. कॅमेराही पूर्ण वर्णपटासाठी बदललेला, म्हणजे सेन्सरवरचा अतिनील आणि अवरक्त अडवणारा फिल्टर काढलेला हवा. फक्त ७२० नॅनोमीटरच्या अवरक्तासाठी बदललेल्या कॅमेऱ्यात अतिनील सेन्सरपर्यंत पोचतच नाही.

लेन्स जुनी, कमी भिंगांची घ्या. एन्लार्जरची (फिल्मवरून मोठे फोटो छापायच्या यंत्राची) ८० मिमी एल-निक्कोर लेन्स स्वस्तात चांगलं काम देते. आधुनिक झूममधली भिंगं आणि त्यांच्यावरचे थर अतिनील खाऊन टाकतात. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशात फोकस करून फिल्टर चढवला की फोकस सरकतो, म्हणून फिल्टर लावूनच लाइव्ह व्ह्यू मोठा करून फोकस करा आणि छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ ते एफ/११ ठेवा.

व्हाइट बॅलन्ससाठी कोरा कागद वापरू नका. त्यातली चमक आणणारी रसायनं अतिनील शोषतात. नळाच्या जोडाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप पुठ्ठ्यावर ८-१० थर ताणून गुंडाळा आणि तिच्यावर कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या. हार्डवेअरच्या दुकानातली ही टेप या कामाला खरंच उत्तम आहे.

सकाळ-संध्याकाळच्या सोनेरी उन्हात अतिनील फार कमी असतं. ११ ते २ ही वेळ साधा. तरीही एक्सपोजर लांबतं आणि वाऱ्याची झुळूक फोटो बिघडवते. बांबूची काडी रोवून कपड्याच्या चिमट्याने देठ हलकेच धरा. फूल तोडू नका. ते कोमेजतं, आणि अभयारण्यात तर हातही लावायचा नाही, तिथे वारा पडायची वाट बघा.

३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च मारून अंधारात चमकणारं फूल टिपणं हा वेगळा प्रकार आहे, त्यात प्रतिदीप्ती दिसते, म्हणजे अतिनील शोषून फुलाने बाहेर टाकलेला, डोळ्याला दिसणारा प्रकाश. टॉर्चकडे थेट बघू नका, पॉलिकार्बोनेटचा चष्मा घाला.

रानात जाण्याआधी शेतातल्या सूर्यफुलावर तालीम करा: पिवळ्या पाकळ्यांची टोकं उजळ आणि बुडं काळी आली, पानंही काळी आली, की जोडणी बरोबर आहे.