वेब फीड कसे लावावे: बातम्या आपल्या निवडीच्या, तारखेच्या क्रमाने

पावसाळ्यात खडकवासला धरणातून मुठा नदीत विसर्ग वाढला की पुण्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर भिडे पुलाचे व्हिडिओ फिरू लागतात. त्यातला आजचा कोणता आणि मागच्या वर्षीचा कोणता, ते कळत नाही, कारण फॉरवर्ड करणारा तारीख लिहीत नाही. बातम्यांचे ॲप उघडावे, तर आधी जाहिरात, मग कुणा नटाच्या लग्नाची बातमी आणि आपल्याला हवी ती कुठेतरी खाली.

यावर एक जुना, फुकटचा आणि अजूनही उत्तम चालणारा उपाय आहे, तो म्हणजे वेब फीड. कुठल्या ठिकाणच्या बातम्या हव्यात हे तुम्ही एकदा ठरवायचे. त्यानंतर तिथे नवीन काही आले की ते एकाच यादीत, ताजे वर आणि जुने खाली, असे दिसत राहते. प्रत्येक बातमीवर तिचा उगम आणि वेळ असते. रोज बातम्या वाचणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी लावून बघावे, असे मला मनापासून वाटते.

फीड म्हणजे नेमके काय

बातम्यांच्या पुष्कळशा साईट आपल्या नेहमीच्या पानांसोबत एक साधी फाईलही ठेवतात. त्यात ताज्या बातम्यांची यादी असते. प्रत्येक नोंदीत शीर्षक, मूळ बातमीची लिंक, प्रसिद्धीची तारीख-वेळ आणि बहुतेक वेळा दोन-चार ओळींचा सारांश असतो. ही फाईल लिहिण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. आरएसएस १९९९ साली नेटस्केप कंपनीत जन्मली. ॲटम २००५ साली प्रमाणित झाली. तुम्हाला त्यांतला फरक लक्षात ठेवायची गरज नाही, फीड वाचणाऱ्या चांगल्या ॲपला, म्हणजे रीडरला, दोन्ही कळतात.

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर नवीन काही लागले का ते अधूनमधून जाऊन बघणाऱ्या माणसासारखे रीडर काम करते. साईट तुम्हाला काही पाठवत नाही, रीडरच जाऊन बघून येतो. म्हणूनच फीड लावताना त्या वृत्तपत्राला नाव, ईमेल, फोन नंबर यातले काहीही द्यावे लागत नाही.

आधी रीडर निवडा

अँड्रॉइड फोन असेल तर 'फीडर' नावाच्या ॲपने सुरुवात करा. खाते उघडावे लागत नाही, जाहिराती नाहीत आणि ते मुक्त स्रोत आहे. आयफोन किंवा मॅक असेल तर 'नेटन्यूजवायर' घ्या, तेही फुकट आहे. फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीवर एकच यादी हवी असेल तर 'फीडली' किंवा 'इनोरीडर' बरे. तिथे खाते उघडावे लागते, पण घरच्या वाचकाला फुकटातली सोय पुरते. ऑफिसात मेलसाठी थंडरबर्ड वापरत असाल तर त्यातच फीड खाते जोडता येते, वेगळे काही बसवू नका.

आता फीडचा पत्ता शोधा

खरी अडचण इथे येते, कारण पूर्वी साईटवर नारिंगी रंगाचे, लहरींसारख्या रेषांचे चिन्ह ठळक दिसायचे, ते आता बऱ्याच ठिकाणी गायब आहे. फायरफॉक्सनेही २०१८ च्या शेवटी ब्राउझरमधली फीडची सोय काढून टाकली. फीड मात्र बहुतेक ठिकाणी शाबूत असतात, फक्त शोधावे लागतात.

सगळ्यात सोपे म्हणजे रीडरमध्ये 'ॲड फीड' किंवा अधिकचे चिन्ह दाबून साईटचा साधा पत्ता टाका. पानाच्या आत फीडचा पत्ता लिहिलेला असेल तर रीडर तो आपोआप उचलतो. बहुतेक वेळा काम इथेच होते.

नाही झाले, तर अंदाजाने बघा. वर्डप्रेसवर चालणाऱ्या साईटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' लिहिले की सहसा मिळते. ब्लॉगस्पॉटवरच्या ब्लॉगला पत्त्यापुढे 'फीड्स', 'पोस्ट्स', 'डीफॉल्ट' हे तीन शब्द तिरक्या रेघांनी जोडून लावायचे. कॉम्प्युटरवर असाल तर पान उघडून कंट्रोल आणि यू दाबा. पानाचा कोड दिसेल. त्यात कंट्रोल आणि एफ दाबून 'आरएसएस' ही तीन इंग्रजी अक्षरे शोधा. फीड असेल तर त्या ओळीत 'एचरेफ' या शब्दापुढे अवतरणचिन्हांत पूर्ण पत्ता असतो. तो उचलून रीडरमध्ये टाका.

फीडचा पत्ता ब्राउझरमध्येच उघडला तर कंसांनी भरलेला मजकूर दिसतो. साईट बिघडली असे वाटून पुष्कळ जण इथेच थांबतात. काही बिघडलेले नसते, उलट पत्ता बरोबर असल्याची ती खूण आहे. त्यातच प्रत्येक बातमीची वेळ दिसते आणि तिच्या शेवटी बहुधा '+०५३०' असते, म्हणजे ती भारतीय वेळ. 'जीएमटी' किंवा '+००००' दिसले तर ती ग्रिनिच वेळ, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. रीडर हा हिशेब स्वतःच करतो.

एखाद्या विषयाचेच फीड हवे असेल तर

पुणेकरांसाठी ही सगळ्यात उपयोगी युक्ती. गूगल न्यूजवर भाषा मराठी निवडा आणि 'खडकवासला विसर्ग' असे काही शोधा. निकाल आले की वर पत्त्याच्या पट्टीत बघा. 'डॉट कॉम'नंतरच्या तिरक्या रेघेच्या पुढे आणि 'सर्च' या शब्दाच्या आधी इंग्रजीत आरएसएस लिहून एक तिरकी रेघ द्या. बाकी पत्ता तसाच ठेवा. हा नवा पत्ता रीडरमध्ये टाकला की त्या विषयावर वेगवेगळ्या वृत्तपत्रांत आलेल्या बातम्या एका जागी येऊ लागतात.

शब्द मात्र नेमके निवडा. नुसते 'पुणे' लिहिलेत तर यादी तुंबेल. 'पुणे मेट्रो', 'सिंहगड रस्ता', आषाढीच्या आधी 'पालखी वाहतूक बदल' अशी नेमकी जोडी घ्या. एकच बातमी चार ठिकाणांहून येईल, तेवढे चालवून घ्यावे लागते. सरकारी खात्याच्या साईटला फीड नसेल तर तिच्याविषयीच्या बातम्यांसाठीही हाच मार्ग.

यूट्यूब चॅनेलचेही फीड असते. चॅनेलचा पत्ता फीडली किंवा इनोरीडरमध्ये टाकला की ते लागते.

किती लावायचे

सुरुवातीला पाच-सहा पुरेत. आमच्या सोसायटीतल्या एका काकांना फोनवर हे लावून दिले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "अरे, एवढं सगळं वाचायचं कधी?" मी म्हटलं, "काका, सगळं वाचायचंच नाही. शीर्षकं बघा, लागेल ते उघडा, बाकीचं 'मार्क ऑल ॲज रेड' करून टाका." हे बटण दाबताना अपराधी वाटून घेऊ नका. दिवसाला शंभर बातम्या टाकणारे मोठे वृत्तपत्र आणि आठवड्याला एक लेख लिहिणारा ब्लॉग एकाच यादीत ठेवलात, तर ब्लॉग बुडून जातो. म्हणून दोन फोल्डर करा, एक रोजच्या बातम्यांचे आणि दुसरे निवांत वाचायचे. महिनाभर ज्याच्यातले काहीच उघडले नाही ते फीड काढून टाका.

काही वृत्तपत्रे फीडमध्ये फक्त पहिल्या दोन ओळी देतात, पुढचे वाचायला त्यांच्या साईटवर जावे लागते. पैसे भरून वाचायची बातमी फीडमुळे फुकट होत नाही.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायची आहे. फीड हे धोक्याच्या इशाऱ्याचे साधन नाही. रीडर ठरावीक वेळाने जाऊन बघतो, फुकटच्या सेवांमध्ये मधला वेळ बराच असू शकतो. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. अशा वेळी नदीकाठच्या लोकांनी फीडची वाट बघू नये. महापालिका, पाटबंधारे खाते आणि पोलिसांच्या थेट सूचनांवरच चालावे.

यादी जपून ठेवा

गूगलचा स्वतःचा रीडर २००५ साली आला, लाखो लोकांच्या अंगवळणी पडला आणि १ जुलै २०१३ रोजी कंपनीने तो बंद केला. ज्यांनी आपली यादी आधी उतरवून घेतली होती, त्यांना ती जशीच्या तशी दुसऱ्या रीडरमध्ये नेता आली. हे जमते कारण जवळपास सगळे रीडर ओपीएमएल नावाची एकच फाईल ओळखतात. सेटिंगमध्ये 'एक्स्पोर्ट ओपीएमएल' शोधा, फाईल उतरवून स्वतःलाच मेल करून ठेवा. नवा फोन घेतला किंवा रीडर बदलला, तर तिथे 'इम्पोर्ट' दाबून हीच फाईल द्यायची. घरात आणखी कुणाला फीड सुरू करायचे असेल, तर त्यांनाही ती पाठवता येते. नको असलेली नावे त्यांनी नंतर काढून टाकावीत.