ड्राफ्ट पिकचा ट्रेड बरोबरीचा आहे का, कसं बघायचं

आपल्या लातूर-नांदेडच्या पोरांची एनएफएल (अमेरिकन फुटबॉल) फॅन्टसी लीग, म्हणजे खरे प्लेअर आपल्या टीममध्ये घेऊन त्यांच्या खेळावर पॉइंट मोजायचे, ती सुरू व्हायच्या आधी दरवर्षी हेच, कोणीतरी दोघं पिकची (ड्राफ्टमध्ये, म्हणजे प्लेअर वाटून घेताना, निवडायच्या नंबराची) अदलाबदल करतात आणि बाकीचे ग्रुपवर ओरडायलेत की फसवलं फसवलं. अरे आधी हिशोब तर करा, पाच मिनिटाचं काम आहे.

पहिली गोष्ट, पिक किती आले ते मोजू नका. मोंढ्यात सोयाबीनचा भाव पोती मोजून नाही ठरत, ओलावा बघून ठरतो, तसंच हे. १२ टीमच्या स्नेक ड्राफ्टमध्ये (दर राउंडला क्रम उलटा होतो) तिसऱ्या नंबरवाल्याला ३, २२, २७, ४६ असे पिक येतात आणि दहाव्याला १०, १५, ३४, ३९. समजा तिसऱ्यावाला ३ आणि ४६ देतोय अन् बदल्यात १० आणि १५ घेतोय. वरवर बघितलं तर लई भारी वाटतं ना, पहिल्या पंधरात दोन पिक!

आता बघा. प्रत्येक पिकला साधारण कोण मिळेल ते एडीपी लिस्टवर (प्लेअर सरासरी कितव्या नंबरला उचलला जातो ती यादी) बघायचं, त्याचे सीझनचे अंदाजे पॉइंट घ्यायचे आणि त्यातून त्याच पोझिशनच्या कामचलाऊ प्लेअरचे पॉइंट वजा करायचे. १२ टीम दोन-दोन रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारे) लावणार म्हणजे २४ गेले, मग २५वा हा कामचलाऊ, तोच पाया. समजा असं करून ३ ला १३० आले, ४६ ला २५, १० ला ९० आणि १५ ला ७५. म्हणजे १५५ विरुद्ध १६५. दहाचा फरक १७ आठवड्यांत वाटला तर आठवड्याला एक पॉइंटसुद्धा होत नाही, ट्रेड चांगला आहे, होऊ द्या.

क्वार्टरबॅकचे (बॉल फेकणाऱ्याचे) पॉइंट सगळ्यात जास्त दिसतात पण एकच लावायचा असेल तर सहावा आणि तेरावा यांच्यात फार फरक नसतो, म्हणून वजाबाकी केल्याशिवाय बोलूच नका. सुपरफ्लेक्स (दुसरा क्वार्टरबॅकही लावता येतो) असेल तर मात्र गणित पार उलटं होतं.

एकाला दोन असा ट्रेड असेल तर दोन घेणाऱ्याला बेंचवरचा एक सोडावा लागतो, तो पण हिशोबात धरा. मला विचाराल तर जवळपास बरोबरी असली की वरचा पिक घेणाराच फायद्यात, कारण लाइनअपमध्ये जागा मोजक्याच असतात.

जिमी जॉन्सन कोच असताना डॅलस काउबॉइजनं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पिकच्या किमतीचा जो चार्ट वापरला त्यात पहिल्या पिकला ३००० आणि सोळाव्याला १००० पॉइंट आहेत. तो खऱ्या टीमसाठीचा, फॅन्टसीत जसाच्या तसा लावू नका, पण वरून खाली किंमत किती झपाट्यानं पडते ते त्यात दिसतं.

डायनेस्टीत (टीम वर्षानुवर्षं तीच राहते ती लीग) पुढच्या वर्षीचा पिक येत असेल तर देणाऱ्याची टीम कशी आहे ते बघा. १९९९ ला एनएफएलच्या सेंट्स टीमनं रिकी विल्यम्स या रनिंग बॅकसाठी वॉशिंग्टनला त्या वर्षीचे आपले सगळे पिक दिले, वर २००० चा पहिला आणि तिसरा राउंड पण. मग त्या सीझनला सेंट्स ३-१३ (तीन जिंकले, तेरा हरले) झाले, हरणाऱ्या टीमचा पिक वर येतो, आणि वॉशिंग्टनला त्यातून दुसऱ्या नंबरचा पिक मिळाला. टीम कच्ची असेल तर तिचा पुढचा पिक महाग धरायचा.

आणि लीग चालवणाऱ्या कमिशनरभाऊ, व्हेटो (ट्रेड रद्द करायचा अधिकार) फक्त दोघांची मिलीभगत दिसली तरच वापरा. कोणाचा अंदाज तुमच्यापेक्षा वेगळा आहे म्हणून ट्रेड अडवायचा नसतो.